थोडे आंबट, थोडे तिखट आणि साखर जपून!

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या सरबताची गोष्ट काढलेली पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. बाहेर आकाशकंदील लागला आहे, स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू आहे, आणि ही बाई पन्हे कसले शिकवते आहे, असे त्यांना वाटेल. पण दिवाळी अंकाचे आयुष्य दिवाळीपुरते नसते हे आपण सारेच जाणतो. फराळाचे डबे रिकामे होतात, पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि अंक मात्र घरातल्या घरात या हातातून त्या हातात फिरत राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारी पंख्याखाली आडवे होऊन, मलपृष्ठ गळालेला हाच अंक कोणीतरी पुन्हा उघडते. तेव्हा हा लेख त्या वेळच्या वाचकासाठी लिहिला आहे असे समजावे.

शिवाय आश्विन-कार्तिकातले ऊनही काही कमी नसते. पाऊस परतला की आठ-पंधरा दिवस अंगाची जी काहिली होते, तिला आपण 'ऑक्टोबर हीट' असे नावच देऊन ठेवले आहे. आणि तिसरे कारण असे की, सरबत ही कृतीपेक्षा अंदाजाची बाब आहे. हात बसायला चार-दोन वेळा करून पाहावे लागते. उन्हाळा डोक्यावर आल्यावर शिकायला बसण्यापेक्षा आताच रंगीत तालीम केलेली बरी.

गाडीवरचा पेरू हॉटेलात

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने नोकरी लागल्याच्या आनंदात आम्हां सगळ्यांना एका मोठ्या हॉटेलात नेले. तिथे त्याने मोठ्या हौसेने एक 'मॉकटेल' मागवले. मॉकटेल म्हणजे कॉकटेलचे सोंग घेतलेले पेय. थाट सगळा तोच, दारू तेवढी नाही. उंच दांड्याचा काचेचा पेला आला. आत गुलाबी पेरूचा रस होता आणि पेल्याच्या काठावर सभोवार तिखट-मीठ चिकटवलेले होते. सासूबाईंनी एक घोट घेतला, काठावरचे तिखट जिभेच्या टोकाला लावून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, हा तर आपल्या शाळेच्या फाटकाबाहेरचा पेरू! फक्त आता त्याला खुर्ची-टेबल मिळालंय."

आम्ही पुष्कळ हसलो, पण सासूबाईंचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. फळाला तिखट-मीठ लावण्याची कला हॉटेलवाल्यांनी शोधून काढलेली नाही. कैरीच्या फोडीला, पेरूला, चिंचेला, आवळ्याला तिखट-मीठ लावूनच आपण लहानाचे मोठे झालो. पन्ह्यात वेलदोडा, कोकमाच्या सरबतात जिरे, लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ हे आपल्या घरी न सांगता पडत असते. 'पन्हे' हा शब्दच मुळी संस्कृतातल्या 'पानक' या शब्दावरून आला. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या पिण्याच्या पाण्यावर आणि पेयांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. 'सरबत' हा शब्द मात्र अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी 'पिणे' एवढाच साधा अर्थ आहे.

मग हॉटेलातून परतताना माझ्या मनात राहिले ते काय? राहिले ते हे की, आमच्या टेबलावर सहा पेले आले होते आणि सातव्या माणसापुढे साधे पाणी होते. ते सातवे म्हणजे आमचे मामंजी.

सातवा पेला

मामंजींना मधुमेह आहे हे २०२१ साली कळले. त्यात नवल काही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज त्यात दिला होता. म्हणजे प्रत्येक चाळीत, प्रत्येक वाड्यात, प्रत्येक इमारतीत कोणाच्या ना कोणाच्या घरी असा एक वेगळा पेला असणारच. मामंजींनी पथ्य मुकाट्याने पाळले. चहा बिनसाखरेचा झाला, श्रीखंडाची वाटी सुटली. पण चैत्रात गौरीचे हळदीकुंकू असले, घरभर कैरीच्या डाळीचा आणि पन्ह्याचा वास सुटला, की ते कसलेतरी निमित्त काढून बाहेर फिरायला जात. गोड न मिळाल्याचे त्यांना दुःख नव्हते. सगळ्यांच्या हातात एक वस्तू आणि आपल्या हातात दुसरी, हे त्यांना सोसत नसे. एकदा ते मला म्हणाले, "सूनबाई, मला ताक दे, पण सगळ्यांना पन्हं देण्याच्या आधी दे. नंतर दिलंस की औषध दिल्यासारखं वाटतं."

त्या वाक्याने मी कामाला लागले. घरी वजनाचा छोटा काटा होता. सासूबाईंचे पन्ह्याचे प्रमाण आमच्या नात्यागोत्यात नावाजलेले. ते मी पहिल्यांदा ग्रॅममध्ये मांडले. पाव किलो गराला त्या ३०० ग्रॅम गूळ घालीत आणि त्याचे दहा पेले करीत. म्हणजे एका पेल्यात ३० ग्रॅम गूळ. गूळ म्हणजे काही निराळी वस्तू नव्हे. त्यातही बहुतांश साखरच असते. साखरेच्या चमच्यांत सांगायचे तर पेल्यामागे सहा चमच्यांहून थोडे अधिक. बाजारात मिळणाऱ्या गोड, फसफसत्या पेयांत १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे तेवढ्याच पेल्यात पाच चमच्यांच्या आसपास. घरचे ते सारे पथ्याचे, आणि बाटलीतले ते सारे वाईट, असे मानून चालणाऱ्या माझ्यासारखीला हा हिशेब विचार करायला लावणारा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांवर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमवर, आणता आली तर अधिक चांगले. आमचा पन्ह्याचा एकच पेला मधुमेह नसलेल्या माणसाचीही दिवसाची शिधापत्रिका संपवीत होता!

गोडाचे दोन चोर

आता प्रश्न असा की, एवढा गूळ लागतो कशाला? चाखून पाहिले तर पन्हे काही जिलबीसारखे गोड लागत नाही. त्याचे उत्तर असे की, पेल्यातला गोडवा दोन चोर पळवतात.

पहिला चोर आंबटपणा. कैरी जितकी आंबट, तितका गूळ तिच्या पोटात गडप होतो. आपण गर सढळ हाताने घालतो, मग तो आंबट लागतो म्हणून गूळ घालतो, मग दाट झाले म्हणून पुन्हा सारखे करीत बसतो.

दुसरा चोर थंडपणा. पदार्थ जितका गार, तितका तो जिभेला कमी गोड लागतो. याचा पुरावा लहान मुलेही देतील. आइस्क्रीम गार असते तेव्हा बेताचे गोड लागते. तेच वितळून वाटीत राहिले आणि कोमट झाले की घशाखाली उतरत नाही इतके गोड होते. साखर तेवढीच असते. जीभ बदललेली असते. बर्फ घालून प्यायच्या प्रत्येक पेयात म्हणूनच साखर चढी ठेवावी लागते.

हे दोन चोर पकडले की अर्धे काम झाले. गर कमी घ्यावा आणि बर्फाऐवजी माठाचे पाणी वापरावे. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. नागपूर-पुण्याच्या कोरड्या हवेत हे काम झकास होते. मुंबईच्या दमट हवेत माठ थोडा आळशी होतो, तिथे शीतकपाटातले पाणी आणि साधे पाणी निम्मे-निम्मे मिसळावे.

पण नुसता गर आणि गूळ कमी केला तर उरते ते मिळमिळीत पाणी. तिथे आपल्या मसाल्याच्या डब्याची गरज लागते. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबते आणि असलेला गोडवा वर काढते. वेलदोडा, केशर यांचा वास आपल्या मनात गोडाशी इतका जोडला गेला आहे की नुसत्या वासानेही पेय अधिक गोड वाटते. आणि जिरे, मिरे, आले, मिरची, पुदिना हे जिभेला इतके काम देतात की, साखर कुठे गेली याची चौकशी करायला तिला फुरसत राहत नाही. पाणीपुरीचे पाणी आठवा. पुदिना, मिरची, पादेलोण, चिंच. गोडाचा बहुधा पत्ताच नाही. तरी शेवटची पुरी संपल्यावर वाटी पुढे करून "भैया, थोडा पानी" म्हणणारी आपलीच मंडळी ना?

तिखटाने गारवा कसा?

आता कोणी म्हणेल, उन्हाळ्यात तिखट पेय म्हणजे आगीत तेल! तर त्याचीही गंमत ऐका. मिरचीत जो झणका असतो, तो चव नव्हे. जिभेवर उष्णता ओळखणारे मज्जातंतू असतात. साधारण ४३ अंशांच्या वर काही तोंडात गेले की त्यांचे दार उघडते आणि 'भाजले' असा निरोप मेंदूला जातो. मिरचीतले द्रव्य नेमके हेच दार उघडते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे दार शोधून काढले, आणि २०२१ साली त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मिरची खाल्ल्यावर तोंड भाजत नाही. भाजल्याची खोटी वर्दी जाते. मेंदू बिचारा ती खरी मानतो आणि घाम सोडायचा हुकूम देतो. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर घाम येतो, तो वाळतो आणि अंग निवते. माठाचा आणि आपला कायदा एकच.

मात्र घाम वाळला तरच गारवा. विदर्भ-मराठवाड्यात थोडी जास्त मिरची चालेल. मुंबईत आणि कोकणात घाम वाळत नाही, नुसता निथळतो. तिथे मिरची बेतानेच घालावी आणि जिरे-पुदिन्यावर भर द्यावा.

आणखी एक गोष्ट. मिरची आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या गलबतांतून, अमेरिकेहून. त्याआधीच्या आपल्या पणजीच्या पणजीला झणका हवा असला तर मिरे, सुंठ आणि पिंपळी यांच्याकडेच जावे लागे. तेव्हा ज्यांना मिरची सोसत नाही त्यांनी बिनदिक्कत मिरपूड वापरावी. ते अधिक जुन्या रीतीचे होईल.

भाजल्या कैरीचे तिखट पन्हे

आता कृती. हे प्रमाण २०० मिलिलिटरच्या बारा पेल्यांचे आहे.

दोन-तीन मध्यम, घट्ट कैऱ्या घ्याव्यात, एकूण अर्धा किलोच्या आसपास. त्या धुऊन, पुसून गॅसच्या मंद आचेवर जाळी ठेवून वांग्यासारख्या भाजाव्यात. साल सगळीकडून काळी पडली आणि कैरी मऊ झाली की उतरवावी. गॅसवर भाजणे नको असेल तर कुकरमध्ये भांड्यात ठेवून दोन शिट्ट्या द्याव्यात. पण भाजल्याने जो खमंग धुरकट वास येतो, तो या पेयाचा अर्धा प्राण आहे. निवल्यावर साल काढून गर कुस्करावा, चाळणीतून गाळून घ्यावा आणि मोजून पाव किलो घ्यावा. उरला तर ठेवून द्यावा, मोहाने सगळा घालू नये.

गरात १२० ग्रॅम किसलेला गूळ, एक सपाट चमचा सैंधव आणि अर्धा चमचा पादेलोण घालून विरघळवावे. दोन चमचे जिरे कोरड्या तव्यावर मंद भाजावेत. रंग बदलून वास सुटला की लगेच उतरवावेत, नाहीतर कडू होतात. त्यांची भरड पूड, पाव ते अर्धा चमचा ताजी मिरपूड, पेरभर आल्याचा रस आणि चार वेलदोड्यांची पूड गरात मिसळावी. पंधरा-वीस पुदिन्याची पाने हाताने चुरगाळून टाकावीत. मिक्सरमधून काढू नयेत. पेय हिरवट आणि उग्र होते.

मिरचीचे तंत्र जरा वेगळे. एक-दोन हिरव्या मिरच्या मधोमध उभ्या चिरून, आतला पांढरा पडदा काढून टाकावा. लोक बियांना दोष देतात, पण झणका मुख्यतः त्या पडद्यात असतो. बियांना तो शेजारामुळे लागतो. अशी मिरची तयार पेयात दहा मिनिटे बुडवून ठेवावी आणि काढून घ्यावी. मिरचीचा वास उतरतो आणि हलकी चुणचुण राहते. घरात लहान मुले असतील तर त्यांचे पेले आधी भरून घ्यावेत आणि मग मिरची बुडवावी.

हे सारे सव्वादोन लिटर माठाच्या पाण्यात ढवळावे. पेल्यामागे १० ग्रॅम गूळ पडतो, म्हणजे साखरेचे दोन चमचे. सहाचे दोन झाले! हिशेब करणाऱ्यांसाठी हेही सांगते की, आम्ही हे एका दिवसात केले नाही. जीभ मानी असते. एकदम उतरंड दाखवली की रुसते. त्या चैत्रात आम्ही दर आठवड्याला गूळ थोडा थोडा उतरवत गेलो, आणि प्रत्येक उतारावर एखादा मसाला थोडा चढवला. तिसऱ्या आठवड्याला आमचे चिरंजीव आपण होऊन म्हणाले, "मागच्या वेळचं फारच गोड होतं, नाही का?"

मामंजींबद्दल सांगायचे तर, त्यांच्या डॉक्टरांना मी सगळे प्रमाण कागदावर लिहून दाखवले. त्यांनी अर्धा पेला मान्य केला, तोही त्या दिवसाच्या आहाराच्या हिशेबात धरून, आणि दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर तपासून पाहण्याच्या अटीवर. आकडा त्यांनी आखून दिलेल्या रेषेच्या आत राहिला. पण हा आमच्या घरचा आकडा. तुमच्या घरच्या माणसाचे तुमचे डॉक्टरच सांगतील. माझा लेख हे औषधाचे पत्र नव्हे. गूळ आहे म्हणून चालेल, मध आहे म्हणून चालेल, असेही मनाचे समाधान करून घेऊ नये. त्या साऱ्या साखरेच्याच बहिणी.

आमसुलाचा झणका

कैरी हंगामाची, पण आमसूल बारमाही. कोकणात आणि गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात. गोव्याकडे त्यांना भिरंड म्हणतात. त्यांची साल त्यांच्याच आंबट रसाची आणि मिठाची पुटे देत उन्हात वाळवली की आमसूल होते. त्याच सालीत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की अमृत कोकम; आणि रसाला मीठ लावून ठेवले की आगळ.

यातली खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. साखर आणि मीठ हे चवीपुरते नसतात. ते राखणदार असतात. अमृत कोकमात सालीच्या दुपटीच्या घरात साखर पडते, म्हणून ते वर्षभर टिकते. साखर निम्मी केली तर बुरशी येईल. तेव्हा साखर कमी करायची असेल तर अमृत कोकमाच्या वाटेला न जाता आमसुलाकडे वळावे. आमसुलाला उन्हाने आणि मिठाने राखलेले असते. त्यात साखर नसते.

पाच पेल्यांसाठी पंधरा-वीस आमसुले (ओली, मऊ, काळसर लाल; कडक चामड्यासारखी झालेली नकोत) धुऊन दोन वाट्या कोमट पाण्यात तासभर भिजवावीत. मग हाताने चांगली कोळून गाळून घ्यावीत. पाणी गडद लाल होते. त्यात एक चमचा भाजल्या जिऱ्याची पूड, अर्धे पेर आले आणि एक छोटी मिरची एकत्र ठेचून घालावी, पाच मिनिटांनी पुन्हा गाळावे. पाच पेल्यांना सात-आठ सपाट चमचे साखर पुरते. मीठ घालण्याआधी चाखून पाहावे, कारण आमसुलात ते आधीच असते. आता यात चार पेले पाणी घालावे.

मुलांना हॉटेलचा थाट हवा असेल तर निम्म्या पाण्याऐवजी साधा, बिनसाखरेचा सोडा घालावा. सोड्यातला वायू तोंडात विरघळून आम्ल होतो आणि जिभेला टोचतो. ही टोचणीही साखरेवाचून मिळणारी गंमत आहे. गोटीच्या ज्या बाटलीतला सोडा आपल्या बाजारपेठांत अजूनही दिसतो, ती बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड याने १८७२ साली पेटंट केली. काठावर तिखट-मीठही लावावे. पेल्याच्या कडेला लिंबाची फोड फिरवून तो तिखट-मिठाच्या ताटलीत उपडा टेकला की झाले.

आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळी भांड्यात किंवा अॅल्युमिनियममध्ये ठेवू नयेत. पितळेत ते कळकतात हे आपल्या आजीला ठाऊक होते. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील उत्तम.

दिवाळीतली तालीम

आणि आत्ता, या क्षणी, फराळाच्या तेलकट-गोडावर उतारा म्हणून काही करायचे असेल तर पेरू आहेच. दोन पिकलेले पेरू चिरून थोड्या पाण्यात मिक्सरमधून काढावेत आणि जाड चाळणीतून गाळावेत, म्हणजे बिया वेगळ्या होतील. त्यात एका लिंबाचा रस, पाव चमचा तिखट, पाव चमचा पादेलोण आणि चिमूटभर मिरपूड घालून चार पेले होतील इतके पाणी घालावे. पेरूचा स्वतःचा गोडवा पुरतो. साखर घालूच नये. मात्र फळाचा रस काढून गाळला की चोथा मागे राहतो आणि साखर तेवढी पेल्यात येते. तेव्हा मधुमेह्याने पेरू प्यायचा की नुसती फोड खायची, हा हिशेब पुन्हा डॉक्टरांबरोबरच.

मिठाची दुसरी बाजू

एक-दोन इशारे देणे माझे कर्तव्य आहे. ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितले आहे, त्यांनी सैंधव आणि पादेलोण म्हणजे काही निराळे, असे समजू नये, तेही मीठच. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी मिरची वगळावी.

आणि ऊन लागून उलट्या-जुलाब झाले, तर पन्हे हे औषध नव्हे. त्यासाठी मीठ-साखरेचे मोजलेले पाणीच हवे. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महलनबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागल्यावर साखर-मिठाचे पाणी तोंडाने देऊन पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचवले. साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यातून रक्तात लवकर शिरते, हे त्याचे रहस्य. औषधाच्या दुकानातली पुडी जवळ नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ एवढेच घालावे. अधिक गोड केले तर अपाय होतो. आणि ऊन लागलेला माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागला, तर पेला शोधत न बसता त्याला थंड पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि तडक दवाखान्यात न्यावे.

टिकवायचे कसे?

कमी गुळाचे पन्हे टिकत नाही. ज्या दिवशी करायचे त्याच दिवशी संपवायचे. पण गर टिकवता येतो. मे महिन्यात कैऱ्या स्वस्त असतात तेव्हा भाजून, बिनगुळाचा गर बर्फाच्या साच्यात भरून गोठवावा. वड्या झाल्या की पिशवीत बांधून ठेवाव्यात. एका पेल्याला एक वडी. जिऱ्या-मिऱ्याची पूड बाटलीत वेगळी ठेवावी, पण फार करू नये. महिन्याभरात तिचा वास उडतो आणि मग आपण नकळत गूळ वाढवू लागतो.

बाजारातले तयार सरबत आणायची वेळ आलीच तर बाटली फिरवून मागचा तक्ता वाचावा. १०० मिलिलिटरला साखर किती हे तिथे छापलेले असते. त्याला चारने भागले की चमचे कळतात. हा भागाकार मुलांकडून करून घ्यावा. अभ्यासही होतो आणि दुसऱ्या बाटलीचा हट्टही कमी होतो.

हॉटेलातल्या पेल्याचा मला राग नाही. हौस म्हणून तोही घ्यावा. पण तिथला पेला ज्याचा त्याने मागवायचा असतो आणि ज्याला चालत नाही त्याने पाण्यावर भागवायचे असते. घरचे सरबत एका मोठ्या भांड्यात होते, एका पळीने ढवळले जाते आणि घरातल्या प्रत्येकाला त्यातूनच मिळते. त्या भांड्यातली साखर इतपत उतरावी आणि मसाला इतपत चढावा की, अर्धा पेला का होईना, कोणालाही दुसऱ्या भांड्याकडे बोट दाखवावे लागू नये. उन्हातून आलेला टपालवाला, सुट्टीला आलेली भाची, हळदीकुंकवाच्या बायका आणि घरातले वडीलधारे, सगळ्यांना एकाच ओघात विचारता यावे: "अर्धा देऊ की पूर्ण?"